एकशे बारापैकी सदतीस

एकोणचाळिसाव्या बाईपर्यंत सगळं ठीक होतं.
चाळिसाव्या बाईला हजेरीचं अ‍ॅप म्हणालं,
ही आवृत्ती आता चालत नाही.
चार महिने मी 'नंतर आठवण करा' दाबत आले होते.
नंतर म्हणजे आज. मार्गशीर्षातला मंगळवार,
शहादा रस्त्यावरची मिरचीची पथारी,
तोंडाला फडकी बांधलेल्या बाया,
आणि दोन पॉइंट एक जीबी.

गोदामाच्या वायफायला एकच कोपरा आहे.
वजनकाट्याला पाठ टेकून उभं राहिलं
की दोन काड्या येतात.

आधी जागा कर, म्हणाला. केली.
ट्रकच्या नंबरप्लेटी, काट्याच्या पावत्या,
शेठजींचं सुप्रभात, गुलाबासकट, चारशे सात वेळा.
पुसताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी वाचलं.
मोबाईलवाला हितेश म्हणतो, ताई, त्यात वाचायचं काय असतं,
खाली मान्य दाबायचं.
पण मी खोकल्याच्या औषधातला कागदही
घडी उलगडून शेवटपर्यंत वाचते.
'नवीन काय आहे' याखाली होतं:
स्थिरतेत सुधारणा.
काही ज्ञात त्रुटींचे निवारण.
नोव्हेंबरचा सुरक्षा पॅच.
चौथी ओळ मध्येच तुटलेली,
भाषांतर करणारा जेवायला उठला असावा.
त्रुटी कुणाला ज्ञात, ते कुठं नव्हतं.

रुमाबाई वळवी देठ खुडता खुडता म्हणाल्या,
"काय नवं उनं वं?"
दिसेल असं काही नाही, मावशी.
आत कुठं भोक होतं, ते बुजवतायत.
"उंदीर शिरना व्हता का?"
अजून नाही. शिरला असता.
"मंग लिंपण म्हन ना.
कणगीले आम्ही दर साल करतस.
उंदीर येवो का न येवो."
आणि पुन्हा देठ. कट. कट.
हितेशला हे दोन वर्षांत सांगता आलं नव्हतं.

चार्जर लावला. पन्नास टक्क्यांच्या वर गेल्यावर
'आता स्थापित करा' दाबलं.
फोन बंद करू नका, असं सांगून
तो स्वतःच काळा झाला.

घड्याळही त्यातच होतं माझं.
किती वेळ गेला कळेना.
वारा सुटला, रुळापर्यंत पसरलेला लाल रंग हलला,
सगळ्यांना एकदम ठसका लागला.
राहिलेल्या दोघींची नावं
मी बारदानावर खडूनं लिहिली.
फुंदीबाई. तिची सून मोगी.
वळणदार आली. बऱ्याच दिवसांनी
काहीतरी उभ्या कापडावर लिहीत होते.

मग उजेड.
अ‍ॅप्स तयार होत आहेत, एकशे बारापैकी सदतीस.
मला माहीत आहेत नऊ.
उरलेले एकशे तीन कुणाच्या हजेरीवर आहेत?

अंगठा चालणार नाही, आधी आकडे टाका.
अंगठा तसाही कधीमधीच चालतो,
चार मोसम मीही देठ खुडलेत,
रेघा मिरचीनं खाल्ल्या.
आकडे आठवेनात. जन्मसाल, चूक.
गल्लीतल्या घराचा नंबर, चूक.
मग बोटंच गेली: शून्य पाच चार शून्य.
पाच चाळीसची शहादा गाडी,
डीएडची दोन वर्षं,
ड्रायव्हरच्या मागची जागा, मांडीवर पाठाचं टाचण.
उघडला.

बाकी सगळं तेच.
फक्त हजेरीचं बटण डावीकडून उजवीकडे गेलं आहे,
आणि बोट अजून रिकाम्या जागेवर जातं.
त्या दोघींना घ्यायला गेले तर म्हणतो,
सकाळची वेळ संपली.

त्याच्याशी काय भांडायचं.
बारदान घडी करून काट्यामागं ठेवलंय,
संध्याकाळी शेठजींसमोर पसरीन.
खडू पदराच्या गाठीत बांधला.
रुमाबाईंनी पाहिलं, बोलल्या नाहीत,
फडकं सारखं करून घेतलं.